पहिलीच्या सत्राचा ताळेबंद : एकात्म अभ्यासक्रम आणि उर्दू घरातील मूल

महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याला परिच्छेद खडाखडा वाचता येतो, परंतु त्यातील आशय विचारला की तो गप्प होतो, ही तक्रार आपल्या संस्थांमधून नेहमी ऐकू येते. या तक्रारीचे खापर बहुधा माध्यमिक शाळेवर, क्वचित घरावर आणि अलीकडे मोबाइलवर फोडले जाते. वाचन म्हणजे काय याची पहिली समजूत ज्या काळात तयार होते, त्या इयत्ता पहिलीच्या पहिल्या सत्राकडे मात्र कोणी फारसे वळून पाहत नाही. त्या सत्रात मूल 'अक्षरे आणि अंक' शिकते, एवढ्यावर हा विषय मिटवला जातो. प्रत्यक्षात याच काही महिन्यांत भाषा, गणित, परिसर, वागणूक आणि घराबाहेरच्या जगाशी बोलण्याची रीत या सर्व गोष्टी एकदम त्याच्या अंगावर येतात, आणि त्यांतली कोणती गोष्ट कोणत्या विषयाची, हे त्याला ठाऊक नसते.

पायाभूत स्तरासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर 2022 मध्ये जाहीर झाला आणि त्यावर आधारलेली एनसीईआरटीची पहिली-दुसरीची पाठ्यपुस्तके 2023 साली आली. प्रस्तुत लेखात या योजनेचे परीक्षण एका विशिष्ट वस्तीतील मूल डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. वस्ती आहे भोपाळमधील शाहपुरा. तलावाकाठच्या मध्यमवर्गीय वसाहती, नोकरदारांची घरे आणि त्यांच्याकडे कामाला जाणाऱ्या कुटुंबांच्या वस्त्या असा हा भाग. येथील मुस्लिम घरातील मूल सामान्यतः हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते. घरात ते भोपाळी वळणाची उर्दू बोलते आणि दिवसातला काही वेळ मकतबात कायदा घेऊन बसते. मूल एक, ठिकाणे तीन. यापैकी ताळेबंदात एकाचीच नोंद होते.

आराखड्याची मांडणी

हा आराखडा तीन ते आठ या वयोगटाचा एकसंध विचार करतो. शाळापूर्व तीन वर्षे आणि पहिली-दुसरी यांना त्याने एका स्तरात आणले, ही त्याची मोठी जमेची बाजू म्हटली पाहिजे. बालवाडीत गाणी आणि जून उजाडताच पाढे, ही आपल्याकडची तोडफोड निदान कागदावर तरी थांबली. शारीरिक, सामाजिक-भावनिक, बौद्धिक, भाषिक आणि सौंदर्यविषयक अशा विकासक्षेत्रांत उद्दिष्टे विभागली आहेत. त्यांना पंचकोशांच्या कल्पनेची जोड दिली आहे. या जोडीमुळे वर्गात नेमके काय बदलते, हे आराखडा वाचून स्पष्ट होत नाही. पहिली-दुसरीसाठी पुस्तके केवळ भाषांची आणि गणिताची. परिसर अभ्यास स्वतंत्रपणे तिसरीपासून सुरू होतो. यात नवे काही नाही, 2005 च्या आराखड्यातही हीच व्यवस्था होती.

मग परिसर जातो कोठे? तो भाषेच्या पुस्तकात जातो. पहिलीच्या हिंदी 'सारंगी'चे घटक पाहिले की हे ध्यानात येते : परिवार, जीव-जगत, खानपान, सण व जत्रा आणि हिरवे जग. उर्दूसाठी 'शहनाई' आहे. गणिताचे 'आनंदमय गणित' आत-बाहेर, वर-खाली, लहान-मोठे अशा संख्यापूर्व कल्पनांपासून निघते, आकारांकडे जाते, एक ते नऊ, मग दहा ते वीस असा क्रम धरते. पुढे मापन, दिवसभराचा वेळ, पैसे आणि खेळण्यांची मोजदाद येते. हा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. वीसपर्यंत सावकाश चालणे आणि नंतरच एकवीस ते नव्याण्णवला हात घालणे, हे घाईच्या शाळांनी शिकण्यासारखे आहे.

अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. या पुस्तकांतील एकात्मता ही विषयांची एकात्मता आहे. कुटुंबाचा पाठ भाषेतही येतो, गणितातही येतो, चित्रकलेतही येतो. परंतु मुलाच्या आयुष्यात जे तुटलेले असते ते विषय नव्हेत, भाषा आणि लिप्या तुटलेल्या असतात. तेथे सांधा जोडण्याची जबाबदारी कोणत्याच पानावर टाकलेली नाही. मातृभाषेतून शिक्षणाचे समर्थन आराखडा जोरात करतो, राज्यघटनेचे कलम 350-अ आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम 29 हेही तेच सांगतात. पण ज्याची मातृभाषा आणि शाळेची भाषा बोलण्यात जवळजवळ एक, लिहिण्यात मात्र पूर्णपणे भिन्न, असे मूल कोणाच्या हिशेबात धरायचे? हिंदी शाळेच्या नोंदवहीत त्याची मातृभाषा 'हिंदी' अशी लागते आणि प्रश्न संपतो. किंबहुना तेथेच तो सुरू होतो.

जुनी वाट

अनेक विषय एका धाग्यात ओवण्याची कल्पना आपल्या परंपरेला परकी नाही. मौलवी इस्माईल मेरठी यांनी मुलांसाठी रचलेली उर्दूची वाचनपुस्तके आठवावीत. प्राणी, ऋतू, आरोग्य, सचोटी या सर्वांचे शिक्षण तेथे भाषेच्या पाठातूनच होत असे; 'परिसर अभ्यास' हा शब्द जन्माला येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. भोपाळपुरते बोलायचे तर सुलतान जहाँ बेगम यांनी राज्यकारभार सांभाळत मुलींच्या शाळा उभारल्या आणि आरोग्य व बालसंगोपन या विषयांवर उर्दूतून लेखन केले. 1920 साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या त्या पहिल्या कुलपती झाल्या, हे सर्वांना माहीत असते. त्यांनी बालसंगोपन हा लेखनाचा विषय मानला, याचा उल्लेख त्या मानाने कमी होतो.

या परंपरेतील सर्वांत नेटकी मांडणी वर्ध्याची. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यास शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योगाभोवती सर्व विषय गुंफण्याची योजना तयार केली. मराठीत त्यासाठी 'समवाय' हा शब्द रूढ झाला. सूत कातताना तारा मोजणे हे गणित, कापूस कोठे पिकतो हा भूगोल, कातण्याविषयी बोलणे-लिहिणे ही भाषा. ही योजना पुढे का बारगळली, याची चर्चा येथे करण्याचे कारण नाही. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट एवढीच की, उत्पादनाचा हिशेब शिक्षणाच्या डोक्यावर बसू शकतो, हा धोका समितीने स्वतःच आपल्या अहवालात नोंदवून ठेवला होता. आपल्याच योजनेच्या उणिवेवर बोट ठेवणारे अहवाल हल्ली दुर्मीळ झाले आहेत. आज सुताच्या गुंड्यांची जागा मिनिटाला वाचलेल्या शब्दांनी घेतली आहे, आणि तसा इशारा कोठे सापडत नाही.

भोपाळजवळचा प्रयोग म्हणजे 'एकलव्य' संस्थेचा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम, अर्थात 'प्रशिका'. 1982 साली स्थापन झालेल्या या संस्थेने बैतूल जिल्ह्यातील शाहपूर आणि हरदा या भागांतील सरकारी शाळांत तो चालवला. (या शाहपूरची भोपाळच्या शाहपुऱ्याशी गल्लत होऊ नये.) 'खुशी-खुशी' या नावाच्या पुस्तकांत भाषा, गणित आणि परिसर यांच्या भिंती पाडल्या होत्या. पुस्तक वाचायचे होते तसे लिहायचे, रंगवायचे, कापायचेही होते. शाहपूरचा भाग गोंड-कोरकूंचा. त्यामुळे घरची भाषा एक आणि पुस्तकाची दुसरी, हा प्रश्न तेथे पहिल्याच दिवशी दारात उभा होता. मुलाच्या बोलीला चूक न मानता तिच्यातून पुढे जाणे हा या कार्यक्रमाच्या भाषाविचाराचा गाभा होता. 2002 साली राज्य शासनाने होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम बंद केला आणि सरकारी शाळांत अशा प्रयोगांना जी जागा मिळाली होती ती आकसली. 2023 च्या पुस्तकांतील कितीतरी गोष्टी, चित्रांवरून बोलणे, कृती, खेळ, 'खुशी-खुशी'ने आधीच करून दाखवल्या होत्या. फरक इतकाच, तेथे पुस्तकामागे शिक्षकांच्या नियमित बैठका होत्या. आज पुस्तकामागे प्रामुख्याने चित्रफिती आणि परिपत्रके आहेत.

तीन लिप्या, दोन रीती

शाहपुऱ्यातील आपले मूल सकाळी शाळेत देवनागरी आणि रोमन अक्षरे गिरवते आणि संध्याकाळी मकतबात अरबी हरूफ ओळखते. म्हणजे एका सत्रात तीन लिप्या. दोन डावीकडून उजवीकडे, एक उजवीकडून डावीकडे. महाराष्ट्रात एप्रिल 2025 मध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून लागू करण्याचा निर्णय झाला तेव्हा लहान मुलावर किती भाषांचा भार टाकावा, यावर राज्यभर वाद पेटला आणि जूनअखेर शासनाने निर्णय मागे घेतला. तो वाद योग्यच होता. मात्र त्या चर्चेत मकतबात जाणाऱ्या मुलाची अधिकची लिपी कोणाच्या मोजणीत आली असेल असे वाटत नाही, कारण ती शाळेच्या वेळापत्रकात नसते.

लिप्यांच्या संख्येपेक्षाही महत्त्वाचा मुद्दा वाचनाच्या रीतीचा आहे. मकतबातील कायदा सुट्या अक्षरापासून निघतो, मग जोडाक्षरांच्या रूपांकडे, मग जबर-जेर-पेशकडे जातो आणि अचूक उच्चार हे त्याचे साध्य असते. अर्थ त्या टप्प्यावर अपेक्षितच नाही, कारण अरबी ही मुलाची भाषा नव्हे. तिलावतीच्या शिस्तीचे ते शिक्षण आहे आणि त्या दृष्टीने ते चोख आहे. शाळेतील नवे पुस्तक मात्र गोष्टीपासून, चित्रापासून, बोलण्यापासून सुरुवात करते. आराखड्याने सुचवलेल्या मौखिक भाषा, शब्दओळख, वाचन आणि लेखन या चार अंगांत अर्थ आधी येतो, सुटे अक्षर त्याच्या सोबतीने. एकच मूल एकाच दिवशी 'वाचणे' या क्रियेचे दोन निराळे अर्थ शिकते. मकतबात वाचणे म्हणजे न चुकता उच्चारणे, शाळेत वाचणे म्हणजे काय म्हटले आहे ते सांगणे.

येथे मकतबाला दोष देण्याची सवय सोडली पाहिजे. चिन्ह आणि ध्वनी यांची सांगड, एकाग्रता, पाठांतर, उच्चारातील सूक्ष्म भेद ओळखण्याची कानाची तयारी, ही कमाई लहान नाही. सीन, से आणि साद वेगळे ओळखणाऱ्या मुलाला 'श' आणि 'ष' यांचा धाक का वाटावा? पण शाळेतील शिक्षकाला कायद्याचा पत्ता नसतो आणि मकतबातील उस्तादांना 'सारंगी'चा. परिणामी मूल जी रीत अधिक पक्की शिकते तीच दुसरीकडे नेते. ते हिंदीचा पाठही तिलावतीसारखा म्हणते, स्पष्ट, अस्खलित आणि अर्थाकडे न पाहता. शिक्षक खूश होतात, कारण वाचन 'आले'. आरंभी उल्लेखिलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याची एक पूर्वपीठिका येथे असण्याचा दाट संभव आहे. या दिशेने आपल्या अध्यापक विद्यालयांत अभ्यास व्हायला हवा. नुसते अनुमान पुरेसे नाही.

भोपाळमधील मराठी घरातील मुलाची तुलना या ठिकाणी उद्बोधक ठरते. त्याला लिपी एकच, पण शाळेच्या वर्णमालेत 'ळ' नाही. आईने 'बाळ' म्हणून हाक मारलेले मूल शाळेत ते अक्षर शोधत राहते. उर्दू घरातील मुलाला 'बाज़ार'मधील नुक्ता शोधावा लागतो; छापील पानावर तो अनेकदा गळालेला असतो आणि फळ्यावर बहुधा नसतोच. जिभेवर ध्वनी आहे, पुस्तकात चिन्ह नाही. या दोन मुलांची अडचण एकाच जातीची आहे, हे भाषेच्या शिक्षकांनी एकमेकांना सांगण्याची गरज आहे.

तिरसठ की साठ तीन

गणित ही भाषानिरपेक्ष गोष्ट आहे, असा एक समज आहे. 2019 साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकाने तो चांगलाच हलवला. 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक', 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' असे वाचन त्यात दिले होते. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे सरळ होते : मूल ऐकते 'त्रेसष्ट', म्हणजे तीन आधी, आणि लिहिते 63, म्हणजे सहा आधी, या उलटापालटीत लहान मुले गोंधळतात. विधिमंडळापर्यंत खिल्ली उडाली, मराठी मोडीत निघाल्याची हाकाटी झाली. शैक्षणिक बाजू ऐकून घेण्याची तसदी थोड्यांनीच घेतली.

उर्दूत हीच अडचण आहे आणि तिला आणखी एक पदर आहे. 'तिरसठ'मध्येही तीन आधी. शिवाय उर्दू मजकूर उजवीकडून वाचत आलेली नजर 63 वर पोहोचते तेव्हा तिला पहिल्यांदा तीनच भेटतो. उच्चार आणि नजरेची दिशा येथे जुळतात, पण अंक लिहायचा तो डावीकडून. म्हणजे ओळीच्या मधोमध हात उलटा फिरवायचा. उर्दू माध्यमातील मूल 63 ऐवजी 36 लिहिते तेव्हा त्याच्या चुकीला एक तर्क असतो. हा तर्क ओळखणारा शिक्षक 'साठ आणि तीन' असे म्हणत काड्यांचे सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या पुढे ठेवील. न ओळखणारा दहा वेळा लिहायला लावील. 'आनंदमय गणित' दहाच्या गठ्ठ्यांवर भर देते, हे चांगलेच आहे. परंतु उनतीस, उनतालीस, उनसठ या 'एक कमी' पद्धतीच्या नावांनी होणारा घोटाळा गठ्ठ्यांनी आपोआप सुटत नाही. मराठीतील एकोणतीस, एकोणचाळीस यांचीही तीच गत. ही गाठ तोंडी, खेळातून आणि दोन्ही भाषा शेजारी ठेवून सोडवावी लागते.

मिनिटाला किती शब्द

जुलै 2021 मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने उद्दिष्टे ठरवून दिली. पहिलीअखेर चार-पाच सोप्या शब्दांची वाक्ये वाचणे आणि 99 पर्यंतच्या संख्या, दुसरीअखेर मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि 999 पर्यंतच्या संख्या. मध्य प्रदेशात हे काम 'मिशन अंकुर' या नावाने चालते. पायाभूत वाचन-गणिताकडे शासनयंत्रणेचे लक्ष वेधले गेले, हे या अभियानाचे श्रेय निर्विवाद आहे. आक्षेप मापाबद्दल आहे.

'शब्द' हे एकक सर्व भाषांत सारखे नसते. उर्दूतील 'घर वालों को भी' हे चार शब्द. मराठीत तेवढाच आशय 'घरातल्यांनासुद्धा' या एका शब्दात बसतो. मग मिनिटाला पंचेचाळीस शब्द वाचणारे मराठी मूल आणि तितकेच वाचणारे उर्दू मूल यांनी सारखे वाचले काय? उर्दूत दुसरीही बाजू आहे. छापील मजकुरात जेर-जबर बहुधा दिलेले नसतात. 'क' आणि 'स' ही दोन अक्षरे जोडून आली की तो शब्द 'किस' आहे की 'कस', हे वाक्याचा अर्थ लागल्याशिवाय ठरत नाही. देवनागरीत मात्रा समोर असते, उर्दूत ती मनात भरावी लागते. म्हणजे उर्दू वाचणारे मूल थांबते तेव्हा ते पुष्कळदा विचार करत असते, आणि घड्याळ ते थांबणे मागासलेपण म्हणून मोजते. अर्थाशिवाय धावणाऱ्या मुलाला मात्र हेच घड्याळ शाबासकी देते. मागील परिच्छेदांत वर्णिलेल्या तिलावतीच्या वळणाच्या वाचनाला हे माप पकडूच शकत नाही.

पुस्तकातले पाणी आणि तलाव

परिसर अभ्यास भाषेच्या पुस्तकात विरघळवण्याचा तोटा शाहपुऱ्यात फार ठळक दिसावा असा आहे. 'ताल तो भोपाल ताल, बाकी सब तलैया' ही म्हण भोपाळच्या पोरासोरांच्या तोंडी असते. मोठा तलाव 2002 पासून रामसर स्थळांच्या यादीत आहे. शाहपुऱ्याचा तलाव त्या मानाने तलैयाच. त्यात सांडपाणी येते, त्याची चर्चा वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षे चालू आहे. जूनच्या उत्तरार्धात शाळा खऱ्या अर्थाने सुरू होते आणि पहिले सत्र पूर्ण पावसाळा व्यापते. पाणी किती चढले, रंग कसा बदलला, काठावर कोणते पक्षी आले, नाला कोठून येतो, विसर्जनानंतर काठावर काय उरते : एका सत्राची भाषा, मोजणी आणि परिसर यांना पुरून उरेल एवढी सामग्री शाळेच्या आसपास पडलेली आहे.

पण परिसराचा पाठ भाषेच्या तासाला येतो, आणि भाषेच्या तासाला शिक्षक काय करतो? शब्दार्थ, श्रुतलेखन, रिकाम्या जागा. 'हिरवे जग' हा घटक फळ्यावर संपतो. वजू करताना पाणी बेताने वापरावे, हे मूल घरी आणि मकतबात ऐकते. पाणी हा ज्या पाठाचा विषय आहे त्यात त्या अनुभवाला वाव मिळाला असता, तर धार्मिक संस्कार, आरोग्य आणि परिसर यांचा समवाय कोणत्याही परिपत्रकाविना झाला असता. आराखडा स्थानिक साहित्य वापरण्याची मुभा देतो. मुभा आणि तयारी यांत मात्र अंतर आहे, आणि ते अंतर शिक्षक-प्रशिक्षणाने भरून काढायचे असते.

मूल्यमापनातही हाच अनुभव. महाराष्ट्रात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. मुलाच्या प्रगतीचे वर्णन शिक्षकाने स्वतःच्या शब्दांत करावे, ही त्यातली कल्पना उत्तम होती. अल्पावधीत 'वर्णनात्मक नोंदी'च्या तयार पुस्तिका बाजारात आल्या आणि निरनिराळ्या मुलांच्या नावापुढे एकच वाक्य उतरू लागले. नव्या समग्र प्रगतिपत्रकाचेही असेच होऊ नये यासाठी त्यात कोणते रकाने आहेत यापेक्षा शिक्षकाला काय दिसते, हे महत्त्वाचे. घरी बोलली जाणारी भाषा, मकतबात पूर्ण झालेला कायद्याचा भाग, मुलाला येणाऱ्या लिप्या, या तीन नोंदी करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

आपल्या संस्थांच्या अध्यापक विद्यालयांत उर्दू अध्यापनपद्धती, मराठी किंवा हिंदी अध्यापनपद्धती आणि गणित अध्यापनपद्धती हे तीन तास तीन निरनिराळे प्राध्यापक घेतात आणि त्यांच्या टिपणवह्या एकमेकांना दिसत नाहीत. एकात्म अभ्यासक्रमाचे पाठ या रचनेतूनच तयार होऊन बाहेर पडणाऱ्या शिक्षकाने घ्यायचे आहेत. सरावपाठांच्या काळात छात्राध्यापकांना एक आठवडा शाळेत आणि त्याच मुलांसोबत एक आठवडा मकतबात, उस्तादांच्या संमतीने, बसवता येईल. गणिताच्या आणि उर्दूच्या प्राध्यापकांनी मिळून एकवीस ते नव्याण्णवच्या संख्यानामांचे तक्ते तयार करता येतील. पहिलीच्या पुस्तकात या संख्या वीसच्या टप्प्यानंतर, बहुतेक शाळांत दुसऱ्या सत्राच्या सुमारास येतात, त्यामुळे तक्ते दिवाळीपूर्वी हाती पडले तरी चालण्यासारखे आहे.